मास्तरांच्या वहीतलं बेचाळिसावं पान

आमच्या हिला कुणी ‘मॅडम’ म्हटलं की ती आधी मागं वळून बघते, म्हणे. कोण मॅडम आली ते पाहायला. हे मला लोकांनी सांगितलं, कारण मी जन्मापासून आंधळा आहे. दृष्टिहीन वगैरे म्हणू नका, मला राग येतो. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, पण आज मी बायकोचं कौतुक करायला बसलोय. नवऱ्यानं बायकोचं कौतुक चारचौघांत करू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल उठून जावं.

आम्ही दोघं एकाच छापखान्यात, ब्रेलच्या. तीन खोल्या. पहिलीत हिचं बाइंडिंगचं टेबल, खळीचा वास आणि जाड कागदांचे गठ्ठे. मधल्या खोलीत ठोक्या, म्हणजे कागदावर ठिपके उठवणारं यंत्र. ते चालू झालं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मागच्या खोलीत मी, प्रूफं वाचणारा, आणि माझ्या उजव्या हाताला म्हातारा. म्हातारा म्हणजे आमचा कॉम्प्युटर, लिनक्सवर चालणारा, पंखा घरघरणारा. पुस्तकाचा मजकूर म्हाताऱ्यात जातो, तिथं मास्तरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधून त्याचं ब्रेल होतं, आणि भिंतीतून काढलेल्या नेटवर्कच्या वायरीतून ते ठोक्यापर्यंत पोचतं. ठोक्याला दुसरा रस्ताच नाही, पेनड्राइव्ह लावायला भोकसुद्धा नाही. छापून आलेलं पान मी बोटांनी वाचतो, चुका काढतो, आणि मग ही फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, शिवून पुस्तक बांधते.

हे सगळं मास्तरांनी उभं केलेलं. मास्तरही माझ्यासारखेच आंधळे. त्यांना पडदा लागायचा नाही. कीबोर्डच्या पुढं एक पट्टी होती, तिच्यावर ठिपके वरखाली व्हायचे, त्यावर बोट फिरवून ते म्हाताऱ्याशी बोलायचे. ही त्यांना कागद आणून द्यायला आत यायची. ते म्हणायचे, “बैस जरा. मी सांगतो ते टाइप कर, आणि का ते विचारत जा.” ही विचारायची. हिची सवयच ती, भाजीवाल्यालाही दहा प्रश्न विचारते. असं दहा-बारा वर्षं चाललं. हिला वाटायचं आपण मास्तरांना मदत करतोय. प्रत्यक्षात मास्तर हिला तयार करत होते, पण हे तिच्या डोक्यात शिरायचं नाही. गेल्या वर्षी मास्तर गेले. त्यानंतर पडदा जोडून म्हाताऱ्याचं रोजचं काम हीच बघायची, तरी कुणी विचारलं की उत्तर एकच, “मी बाई बाइंडर.”

आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर म्हाताऱ्याचं नेटवर्क कार्ड जळालं.

अंधशाळेच्या दहावीच्या चौदा मुलींसाठी गणिताचं पुस्तक चाललं होतं. चार भाग. तीन छापून, शिवून शाळेत पोचले होते. चौथा भाग तेवढा राहिला होता, आणि सगळी भूमिती चौथ्या भागात. परीक्षेला तीन आठवडे. आता तुम्हाला सांगतो, मी शाळेत होतो तेव्हा आम्हाला भूमितीचं पुस्तकच नव्हतं. गुरुजी म्हणायचे, तुम्ही तो प्रश्न सोडून द्या. आम्ही सोडून दिला. आज साठी जवळ आली तरी परीघ म्हटलं की मी विषय बदलतो. या चौदा जणींनी तो प्रश्न सोडू नये, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मी इतक्या मोठ्यानं म्हणत होतो की व्यवस्थापकांनी मला दोनदा पाणी पाजलं.

व्यवस्थापकांनी बाहेरून एका कंपनीचा माणूस आणला. त्याच्या बुटांचा कुरकुर आवाज यायचा, म्हणून मी त्याला कुरकुऱ्या नाव ठेवलं. कुरकुऱ्यानं जळकं कार्ड काढलं, नवीन बसवलं, तास-दीड तास खुडबूड केली आणि निकाल दिला, “कार्ड चांगलं आहे, दिवा लागतोय, पण मशिन त्याला दाद देत नाही. बोर्डच गेलाय. हे भंगारात काढा.” मग त्यानं आपला लॅपटॉप सरळ ठोक्याला जोडून एक पान छापून दाखवलं. मी वाचलं. मी म्हटलं, “हे प्रमेय आहे का वाण्याची यादी?” मास्तरांच्या प्रोग्रामशिवाय ब्रेलमधलं गणित नीट उतरत नाही, आणि तो प्रोग्राम म्हाताऱ्याशिवाय कुठं चालत नाही, त्याला तो तरी काय करणार. तो म्हणाला, नवीन यंत्रणा सहा महिन्यांत बसवून देतो.

सहा महिन्यांत! आमच्या मुलींची परीक्षा होऊन, निकाल लागून, पेढे वाटून झाले असते, किंवा नसते.

व्यवस्थापक माणूस वाईट नाही, पण पटकन हात टेकतो. शुक्रवारी दुपारी चारला भंगाराची गाडी बोलावली, म्हाताऱ्यासकट. शाळेला कळवायचं पत्रही तयार केलं की चौथा भाग येणार नाही. तेवढ्यात ही पुढच्या खोलीतून आली. हात खळीनं चिकट असणार, कारण दाराची मूठ तिनं कोपरानं उघडली, मला ऐकू आलं.

“साहेब, पत्र उद्या चारपर्यंत ठेवा तुमच्याकडंच.”

“का?”

“मी बघते.”

“तुम्ही?” व्यवस्थापकांनी असं काही विचारलं की माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच हिचा हात खांद्यावर पडला आणि मी गप्प बसलो. हिचा हात पडला की मी गप्प बसतो. लग्नाला सोळा वर्षं झाली, तेवढं कळतं.

शुक्रवारी सकाळी सगळ्यात आधी ही मागच्या अंगणात गेली, भंगाराच्या ढिगाकडं, आणि मास्तरांच्या तीन जाडजूड वह्या काखेत मारून आली. कुरकुऱ्यानं मशिनची माहिती कुठं लिहिलेली आहे का म्हणून कपाट धुंडाळलं होतं, या वह्या चाळल्या होत्या आणि “कोऱ्या आहेत” म्हणून फेकून दिल्या होत्या. कोऱ्या! मास्तरांची सगळी अक्कल त्या वह्यांत होती, अगदी ठिपक्याठिपक्यानं. मला हसावं का रडावं कळेना. हिनं वहीवरची धूळ पदरानं पुसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

“तुम्ही वाचा, मी टाइप करते,” ती म्हणाली. ब्रेल हिला डोळ्यांनी थोडंफार लागतं, अडखळत. बोटानं तर मुळीच नाही. किती वेळा शिकवायला गेलो, तिच्या बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडलेत.

सुरुवात छान झाली. अनुक्रमात ‘कार्ड बदलणे’ सापडलं, पान एकेचाळीस. मी वाचत गेलो, ती करत गेली. मशिन बंद करावं, हात आधी लोखंडी सांगाड्याला लावावा, कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबावं. तिनं कार्ड काढून परत दाबून बसवलं, स्क्रू आवळला. कार्ड कुठलं आहे ते मशिनला विचारावं. तिनं विचारलं, मशिननं कार्डाचं नाव बरोबर सांगितलं.

“म्हणजे बोर्ड मेलेला नाही!” ती म्हणाली. “मेलेला असता तर नाव कुठून सांगितलं असतं?”

हे कुरकुऱ्याला दीड तासात सुचलं नव्हतं. तरी ठोक्याकडून उत्तर येईना. ठोक्याला साद घालायची, आणि पडद्यावर एकच रड, पोचत नाही, पोचत नाही. ही दर वेळी मला वाचून दाखवायची, आणि दर वेळी माझा जीव खालीवर. बारा वाजले, साडेबारा वाजले.

मी पुढं वाचलं. “‘नवीन कार्ड बसवूनही बोलत नसेल तर घाबरू नये. कार्ड मेलेलं नसतं. याचं कारण असं की—’” आणि पान संपलं. मी उलटलं. “‘ठोक्याला महिन्यातून एकदा तेल द्यावं.’ अगं, हे काय? कसलं तेल?”

कोपऱ्यातला आकडा चाचपला. एकेचाळीस. पुढचं त्रेचाळीस. मी परत चाचपलं. मी माणूस प्रूफवाला, मला गाळलेलं पान म्हणजे दातात अडकलेल्या कुसळासारखं. “बेचाळीस कुठं गेलं? कोणत्या गाढवानं ही वही बांधली?”

कीबोर्डची टकटक थांबली. म्हाताऱ्याचा पंखा तेवढा घरघरत होता.

“अहो,” ती म्हणाली, “ते गाढव मी आहे.”

मग तिनं सांगितलं. अठरा वर्षांपूर्वी ती कामाला लागली तो पहिला आठवडा. आमची ओळखही नीट नव्हती. मास्तरांनी आपली सुटी पानं बांधायला दिली, तीन वह्यांची, आणि हिच्या हातून गठ्ठा सुटला. पानं सगळ्या खोलीभर. ब्रेल तेव्हा अजिबात येत नव्हतं, आकडेसुद्धा नाही. कागदाच्या कडा, कोपऱ्यातल्या ठिपक्यांचा आकार जुळवत जुळवत तिनं ती लावली, शिवली, पुठ्ठे चढवले. आणि संध्याकाळी झाडताना टेबलाखाली एक पान सापडलं. नोकरी जाईल म्हणून पाचावर धारण बसली. तिनं ते पान एका वहीत मध्येच कुठंतरी खळीनं चिकटवून दिलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

“कुणाला सांगितलं नाहीस?”

“मास्तरांना सांगायचं दर वर्षी ठरवायचे. दर वर्षी वाटायचं, आता इतक्या उशिरा काय सांगू.” तिचा आवाज असा झाला होता की मला माझ्या त्या गाढवाचा पश्चात्ताप झाला. “आता ते गेलेसुद्धा. आणि त्या एका पानापायी पोरींची भूमिती जाणार.”

मी म्हटलं, “रडायचं असेल तर चारनंतर रड. कुठल्या वहीत चिकटवलंस?”

“तेच तर आठवत नाही.”

तीन वह्या, सहाशेच्या वर पानं. मी एकेक कोपरा चाचपत बसलो असतो तर भंगारवाला येऊन, चहा पिऊन, म्हाताऱ्याला घेऊन गेला असता. पण हिनं नाक ओढलं, वह्या आपल्याकडं ओढल्या आणि म्हणाली, “थांबा. आकडे कशाला बघायचे? बाकीची सगळी पानं मी शिवलीत. ते एकच चिकटवलंय.”

तिनं वही उघडी धरून पानांच्या मुळाशी नख फिरवायला सुरुवात केली. तो आवाज मी ऐकत होतो, चर्र, चर्र, प्रत्येक फर्म्यात दोरा लागला की खट्‌. पहिली वही संपली. दुसरीच्या मध्यावर नख थांबलं.

“हे बघा. इथं दोरा नाही. नुसती खळ.”

कितीतरी वेळ लागेल म्हणून मी बाही वर सारून बसलो होतो, आणि हिनं पाच-सात मिनिटांत पान काढून माझ्या बोटाखाली ठेवलं. कोपऱ्यात बेचाळीस. आहे का नाही कमाल?

मी वाचलं. “‘याचं कारण असं की मशिन जुन्या कार्डाला विसरत नाही. प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक नंबर असतो. त्या नंबराच्या नावानं मशिननं पहिली जागा राखून ठेवलेली असते. नवीन कार्ड आलं की त्याला दुसऱ्या जागेवर बसवतं, आणि आपल्या सगळ्या सूचना मात्र पहिल्या जागेला दिलेल्या असतात. तिथं कुणीच नसतं. ही नोंद कोणत्या फाइलीत असते ते दर आवृत्तीत बदलतं, म्हणून लिहीत नाही. शोधून काढावी.’”

त्याच्या खाली आणखी चार ओळी होत्या. ठिपके वेगळे, यंत्राचे नाहीत, टोच्यानं हातानं पाडलेले, मागाहून. त्या मी मनात वाचल्या. आणि माझं बोट तिथंच थांबलं.

“पुढं?” ही म्हणाली.

“पुढं काही नाही. पान संपलं.”

खोटं बोललो. पण तेव्हा ते वाचून दाखवलं असतं तर हिला पडदा धूसर दिसला असता, आणि घड्याळात एक वाजून गेला होता.

हिनं मशिनला सगळी कार्डं दाखव म्हणून सांगितलं. “अहो, खरंच की! शून्य नंबरवर, म्हणजे पहिल्या जागेवर, कुणीच नाही. आपलं कार्ड एक नंबरवर बसलंय बिचारं. आणि पत्ता-बित्ता सगळा शून्याला दिलाय.” आता ती नोंद शोधायची कुठं? फाइली हजारो. मला काही सुचेना. मी नुसता “काय झालं, काय झालं” करत होतो, आणि तिनं मला दोनदा गप्प केलं.

मग ती उठून भंगाराच्या ढिगाकडं गेली आणि कुरकुऱ्यानं काढून टाकलेलं जळकं कार्ड घेऊन आली. त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याचा नंबर होता. हिनं तो मोठ्यानं वाचत टाइप केला आणि मशिनला म्हणाली, म्हणजे टाइपच केलं, पण तोंडानंही म्हणाली, “हा नंबर जिथं जिथं लिहिलाय ती फाइल दाखव.” हे वहीत नव्हतं. हे मास्तरांनीही लिहिलं नव्हतं. हे हिचं स्वतःचं. मी मुद्दाम सांगतोय, कारण ही सांगणार नाही.

म्हाताऱ्याला शोधायला दीड तास लागला, आणि एकच फाइल सापडली. तिच्यात दोन ओळी. एक मेलेल्या कार्डाची, एक नव्याची.

“पुसून टाक,” मी म्हटलं.

“मुळीच नाही. मास्तर म्हणायचे, काही पुसायचं नाही, पुढं खूण करून ठेवायची. मशिन ती ओळ सोडून देतं, आणि माणसाला मागाहून वाचता येते.” तिनं जुन्या ओळीपुढं खूण केली. नव्या ओळीत एकाचं शून्य केलं. मला दोन्ही ओळी अक्षर न्‌ अक्षर वाचून दाखवल्या, प्रूफ वाचून घेतात तशा. मी म्हटलं, “बरोबर.” मग तिनं म्हाताऱ्याला बंद करून पुन्हा चालू केलं.

म्हातारा उठायला चार मिनिटं घेतो. त्या चार मिनिटांत बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. अजून तीनच वाजले होते, पण भंगारवाले कधी नव्हे ते वेळेआधी आले. व्यवस्थापक दारात आले. “वहिनी, गाडी आलीय. ते लोक थांबणार नाहीत हो.”

“थांबतील,” ही म्हणाली. तिनं मान वळवली नाही. एरवी व्यवस्थापकांशी बोलताना ही उभी राहते.

तिनं ठोक्याला साद घातली. मी श्वास धरून बसलो.

“आलं,” ती म्हणाली. अगदी हळू. मग, “आलं! अहो, उत्तर आलं! परत आलं! दर सेकंदाला येतंय!”

मी म्हटलं, “मग बघत काय बसलीस? पाठव की!”

तिनं चौथ्या भागाचं पहिलं पान पाठवलं. एक क्षण शांतता, आणि मग मधल्या खोलीत पत्र्यावर गारा! इतक्या वर्षांत त्या आवाजाला मी शिव्याच दिल्यात. त्या दिवशी मी उठून टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापक पान घेऊन धावत आले, माझ्या हातात दिलं. गरम होतं. वर्तुळ, त्रिज्या, परीघ, एकही ठिपका इकडचा तिकडं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा परिघावरून बोट फिरवलं, पूर्ण, सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत.

व्यवस्थापकांनी ते पत्र फाडलं. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग ते बाहेर जाऊन भंगारवाल्यांना म्हणाले, “आज काही नाही. आमच्या मॅडमनी दुरुस्त केलं.” आणि ही मागं वळून बघायला लागली असणार, कारण मला खुर्ची फिरल्याचं ऐकू आलं.

ठोक्याला बाकीची पानं छापायला लावून ती माझ्याशेजारी बसली. तेव्हा मी म्हटलं, “बेचाळिसाव्या पानावर खाली आणखी होतं. मी तुला खोटं सांगितलं.”

“काय होतं?”

मी वही पुढ्यात घेतली आणि वाचलं. ठोक्या थडाथड वाजत होता, म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचावं लागलं.

“‘हे पान इथं चुकून लागलं आहे. बाइंडर मुलगी नवीन आहे, तिला कुणी बोलू नये. वही मात्र कुठंही उघडा, सपाट राहते. आजवर एका हातानं वही दाबून धरावी लागायची. आता एका हातानं वाचता येतं आणि दुसरा मशिनवर ठेवता येतो. हे काम जाणून केलेलं आहे.’”

मास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अठरा वर्षं ते गप्प बसले, आणि ही अठरा वर्षं मनात कुढत बसली. मग तिनं आपलं घट्टे पडलेलं बोट माझ्या हातात दिलं. “यात मी कुठं आहे, ते दाखवा.” मी ते बोट ‘बाइंडर’ या शब्दावर ठेवलं. तिनं ते पुढंमागं फिरवलं. किती लागलं असेल कोण जाणे, पण उचललं नाही.

मी म्हटलं, “तुझा मला फार अभिमान वाटतो.” असं मी कधी म्हणत नाही. ठोक्याच्या आवाजात म्हणायला सोपं गेलं.

“काय?” ती ओरडली. ऐकू आलं होतं तिला. पुन्हा म्हणायला लावलं, आणि मीही पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

मंगळवारी चौदा प्रती शिवून शाळेत गेल्या, आणि कुठंही उघडल्या तरी सपाट राहत होत्या.

त्या संध्याकाळी ती वह्या कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, “आता वेळ आहे. ते बेचाळिसावं पान सोडवून नीट जागेवर शिवून टाकू का?”

मी म्हटलं, “हात लावलास तर याद राख!”